बाकांची पाठ रस्त्याकडे

सौसरच्या बस स्टँडवर कोणती गाडी किती मिनिटं उभी राहील, हे पाहण्याचं काम मी तेरा वर्षं केलं. या कामाला टाइमकीपर म्हणतात. प्रवासी मला ‘टैमवाले बाबूजी’ म्हणत. ड्रायव्हर लोक माझ्यामागे आणखी काही म्हणत असतील, ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नसावं.

बाहेरच्या वाचकांना हे काम समजावून सांगतो. आमच्याकडच्या बहुतेक गाड्या खाजगी मालकांच्या. एका रस्त्यावर पाच मालकांच्या गाड्या धावणार आणि सवारी, म्हणजे प्रवासी, तेवढीच. एखादी गाडी स्टँडवर दहाच्या जागी बारा मिनिटं थांबली, तर त्या दोन मिनिटांत आलेली सवारी मागच्या गाडीच्या तोंडची पळवली असं होतं. म्हणून सगळे मालक मिळून एक माणूस खिडकीत बसवतात. तो गाडीची वेळ लिहितो, निघायच्या वेळी घंटी वाजवतो, आणि घंटीनंतरही गाडी हलली नाही तर दंड लावतो. दोन मिनिटांपायी एकमेकांच्या कॉलरी धरलेल्या मी पाहिल्या आहेत. एकदा मोहगावच्या गाडीचा कंडक्टर म्हणाला की, बाबूजीचं घड्याळच पुढं आहे. मी पोस्टात जाऊन घड्याळ जुळवून पाहिलं, तर ते अर्धा मिनिट मागे निघालं. मी तेही चारचौघांत सांगितलं. हिशोब सरळ ठेवण्याचा मला अभिमान होता. आजही आहे. पण त्या अभिमानाला एका जागी दुखतं, आणि संपादकांनी ‘स्टँडवरच्या गमतीजमती’ मागितल्या असल्या तरी माझी लेखणी फिरून फिरून त्याच जागेवर येते.

टीव्ही येण्याआधी स्टँडच्या शेडमध्ये आठ बाक होते. चार इकडे, चार तिकडे, समोरासमोर. शेडच्या एका टोकाला रस्ता, दुसऱ्या टोकाला गुलाबरावांचं चहाचं हॉटेल. बाकावर बसलं की समोर माणसं दिसायची, आणि मान जरा वळवली की रस्ता. नवा माणूस आला की पहिलं काम एकच करायचा. शेजारच्याला म्हणायचा, “भाऊ, मले बोरगावले जाचं हाय. गाडी लागली का सांगजा बरं.”

शेजारचा म्हणायचा, “सांगतो ना जी.”

एवढं बोलणं झालं की तो माणूस मोकळा. मग त्यानं चहा प्यावा, नळावर जावं, पिशवी उशाला घेऊन झोपावं. याला आमच्या स्टँडवर ‘सांगून बसणं’ म्हणत. शेजारच्याची गाडी आधी आली, तर तो उठताना तिसऱ्याला सांगायचा, “हे बाबा बोरगावचे हायत. आता तुमच्याकडे.” आणि तिसरा ते काम अंगावर घ्यायचा. लोक फार उदार होते असं मी म्हणत नाही. याच बाकांवर आडनाव विचारून थोडं सरकून बसणारेही मी रोज पाहिले. पण सरकून बसलेला माणूससुद्धा गाडी लागली की सांगायचा.

या पद्धतीत चुकाही होत. बोरगावच्या शाळेत एक गुरुजी होते. दर सोमवारी सकाळी यायचे, सांगून बसायचे आणि घोरायला लागायचे. पुढे पुढे त्यांनी सांगायचीही गरज उरली नाही. गुरुजी दिसले की लोक आपापसात त्यांचा ताबा वाटून घ्यायचे. एका सोमवारी गुरुजींना साळ्याकडे लोधीखेड्याला जायचं होतं. त्यांनी ते एकाच माणसाला सांगितलं, आणि तो पुढच्याला न सांगताच निघून गेला. बोरगावची गाडी लागली. चौघांनी गुरुजींना अर्धवट झोपेत उचलून, पिशवीसकट, प्रेमानं बसवून दिलं. गुरुजी बोरगावला शाळेसमोर जागे झाले. संध्याकाळी येऊन त्यांनी सगळ्या स्टँडला शिव्या घातल्या. “अरे, सुटी टाकली होती म्या! हेडमास्तरच्या समोर उतरोलं मले तुमी!” तेव्हा हसून हसून आमची पोटं दुखली.

मग गुलाबरावांनी टीव्ही आणला. नागपूरचं चित्र आमच्याकडे धरायला अँटेनाचा लोखंडी पाइप उंच चढवावा लागतो. तो हॉटेलच्या छपरावर चढला आणि टीव्ही आतल्या फळीवर बसला. पहिल्या आठवड्यात लोक मान तिरपी करून पाहत होते. समोरासमोरच्या बाकांवरून दुसरं काय होणार? मी हिशोब मांडला. आठ बाक, एका बाकावर पाच माणसं, म्हणजे चाळीस. त्यातल्या जेमतेम बारांना नीट दिसत होतं. तेच बाक हॉटेलकडे तोंड करून दोन-दोनच्या चार रांगांत लावले, तर चाळीसच्या चाळीस जणांना दिसेल. मी हमाल बोलावले आणि उभा राहून बाक फिरवून घेतले. गुलाबराव खूश झाले. म्हणाले, “बाबूजी, तुमी तं टॉकीजच करून टाकली राजेहो!” मला आठवडाभर चहा फुकट.

बाक फिरले तसे सगळ्यांच्या पाठी रस्त्याकडे झाल्या, हे मला दिसलं नाही असं नाही. दिसलं. मी म्हटलं, घंटी आहे ना. मी आहे ना.

रविवारी सकाळी देवादिकांची मालिका लागायची, तेव्हा स्टँडवर जे व्हायचं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. गुलाबराव टीव्हीला हार घालायचे, उदबत्ती लावायचे. ज्यांना कुठंच जायचं नसायचं तेही येऊन बसायचे. दोन मिनिटांसाठी मारामारी करणारे ड्रायव्हर गाड्या रांगेत लावून पाऊण तास शेजारी शेजारी उभे राहायचे. दंड लावायचा तर सगळ्यांनाच लावावा लागला असता, म्हणून कोणालाच लावत नव्हतो. माझ्या खिडकीतून टीव्ही सरळ दिसायचा. बाक लावताना मी तेवढं पाहूनच लावले होते.

तशा एका रविवारी पांढुर्ण्याच्या सकाळच्या गाडीनं सुमनताई उतरल्या. चाळिशीच्या, विधवा. पांढुर्ण्यात लोकांचे ब्लाउज, पोरांची झबली शिवून पोट भरत. महिन्या-दोन महिन्यांनी लोधीखेड्याला भावाकडे जायच्या, म्हणून तोंडओळख होती. त्या दिवशी इस्त्रीचं लुगडं, हातात पिशवी, आणि पिशवी कशाला टेकणार नाही असं धरलेलं.

“बाबूजी, लोधीखेड्याची कितीले हाय?”

“नऊ चाळीस. दहा मिनिटं उभी राहते. काहून, घाई आहे?”

“बारसं हाय ना भावाच्या पोराचं. अकराले. मले पोचलंच पाह्यजे.” मग त्या खिडकीशी थोड्या वाकल्या. “आठ वर्षांनी झालं जी त्याले. त्याच्या सासूचं म्हणणं, विधवा बाईनं पाळण्याले हात लावू नाही. पण माह्या भावानं धरूनच ठेवलं. म्हणे, आत्या एकच हाय. नाव ठेवन तं माही ताईच ठेवन, नाहीतं बारसंच करत नाही.”

“मग काय नाव ठेवता?” असं कोणीही विचारलं असतं. बाक समोरासमोर असते तर दहा जणांनी विचारलं असतं, चार नावं सुचवली असती, एखाद्या म्हातारीनं त्यातलं एक मोडीत काढलं असतं. मी विचारणारच होतो, पण तेवढ्यात टीव्हीवर शंख वाजला. मी म्हणालो, “बसा ताई. गाडी लागली की कळेल.”

त्या शेवटच्या बाकावर बसल्या. शेजारी टोपी घातलेला एक माणूस होता. त्याला म्हणाल्या, “भाऊ, लोधीखेड्याची लागली का सांगजा बरं.” तो म्हणाला, “हो हो.” मान वळवली नाही.

पुढे उभ्या असलेल्या माणसांची भिंत होती. सुमनताईंना टीव्ही दिसत नव्हता, आणि पाठ असल्यामुळे रस्ताही दिसत नव्हता. थोड्या वेळानं त्या उठल्या आणि मागे वळून पाहू लागल्या. त्यांच्या मागे, रस्त्याच्या बाजूला, उशिरा आलेले लोक उभे होते. ते लगेच ओरडले.

“ओ बाई, खाली बसा ना! दिसून नाही राह्यलं!”

“गाडी पाहून राह्यली जी मी.”

“गाडी काय पळून चालली काय? आली का सांगतीनच कोणी. बसा!”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खिडकीत मी बसलेलो, स्टँडचा अधिकारी. मी पंजा खाली-खाली करून खूण केली, बसा. माझ्याही टीव्हीच्या आड त्यांचं डोकं येत होतं. त्या बसल्या.

लोधीखेड्याची गाडी वेळेच्या थोडी आधी आली. ड्रायव्हरचं सासर लोधीखेड्याचं आणि सासऱ्याकडे टीव्ही रंगीत. निदान शेवटचा भाग तरी रंगीत सापडावा, म्हणून तो गाडी हाणत आला होता. गाडी शेडपर्यंत आणलीच नाही. रस्त्याच्या कडेला, इंजिन चालूच. कंडक्टरनं पायरीवरून हाक दिली, “लोधीखेडा! ए लोधीखेडा!” मागे उभ्या असलेल्यांपैकी एक जण वळून म्हणाला, “चूप ना बे!” कंडक्टरनं मला हात केला, निघू काय? मी घंटी वाजवली. हात घंटीच्या दोरीवर आणि डोळे टीव्हीवर. तिकडे युद्धाचे नगारे चालू होते. त्यात माझी घंटी मला तरी ऐकू आली असं मी सांगू शकत नाही. गाडी गेली.

या धंद्यातली एक गोष्ट इथे सांगायला हवी. गाडी जास्त थांबली तर दंड आहे. लवकर निघाली तर काहीच नाही. तशी तक्रार कधी कोणी केलीच नव्हती. लवकर निघणारी गाडी कोणाची सवारी पळवत नाही, उलट मागच्याला सोडून जाते. त्यामुळे दहा मिनिटांची गाडी दीड मिनिटात निघाली, यात नियमाप्रमाणे काही चुकलं नव्हतं.

टीव्हीवर जाहिरात लागली तेव्हा सुमनताई पुन्हा उठल्या. शेजारच्याला म्हणाल्या, “भाऊ, आली नाही काय अजून?”

टोपीवाल्यानं रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “बाबूजी, लोधीखेड्याची?”

“गेली,” मी म्हणालो.

“गेली?” सुमनताईंचा आवाज एकदम बारीक झाला. “कवा गेली? मी तं इथंच हाय ना!”

पुढची गाडी साडेबाराची. इथपर्यंत घडलं ते कोणत्याही स्टँडवर घडतं, गाडी चुकते. मला लाज आहे ती पुढच्या पंधरा मिनिटांची. गुलाबरावांची मोटरसायकल हॉटेलला टेकून उभी होती. लोधीखेडा काही शंभर मैलांवर नाही. त्याच क्षणी कोणी किक मारली असती तर त्या अकराच्या आत पोचल्या असत्या. हे मला कळत होतं, गुलाबरावांना कळत होतं, ऐकणाऱ्या पाच-सात जणांना कळत होतं. सगळे हळहळले. “च् च्, बिचारी. बारसं हाय म्हणते.” आणि जाहिरात संपली. गुलाबराव म्हणाले, “बाई, बसा थोड्या. हे संपूनच राह्यलं. मंग मी सोता नेऊन देतो.”

आणि मी म्हणालो, “हो ताई, बसा. दहा-पंधरा मिनिटांचा तर प्रश्न आहे.”

त्या बसल्या. पिशवी मांडीवर धरून, समोरच्या सगळ्यांच्या पाठींकडे पाहत. एक बाई आमच्या हाताशी बसली आहे, तिची वेळ चालली आहे, हे पक्कं माहीत असताना आम्ही चाळीस-पन्नास माणसं पडद्यावरच्या कोणाचं तरी दुःख पाहत होतो. खिडकीत माझ्या शेजारी बसणारा, मालकांसाठी सवारी गोळा करणारा एजंट डोळे पुसत होता.

मालिका संपली आणि माणसं एकदम चांगली झाली. सगळेच धावले. गुलाबरावांनी मोटरसायकल काढली तर तिच्यात पेट्रोल नव्हतं. कोणी स्कूटर आणायला गेला. शेवटी जवळपास तासाभरानं संत्र्याचे रिकामे खोके घेऊन जाणारा एक मेटॅडोर थांबवला. मी एजंटला खिडकीत बसवून सोबत गेलो. त्या घरी जाऊन स्वतःच्या तोंडानं सांगायचं, बाईची चूक नाही, आमची आहे, असं मनाशी ठरवलं होतं. वाटेत रेल्वेचं फाटक बंद होतं. सुमनताईंनी एकदा विचारलं, “किती वाजले जी?” मी सांगितलं. नंतर त्यांनी विचारलं नाही.

अंगणात मांडव होता. बायका घुगऱ्यांचे पुडे घेऊन परत निघाल्या होत्या. पाळण्याची दोरी भावाच्या मेव्हणीच्या हातात होती. नाव ठेवून झालं होतं. सासूबाई पुढे आल्या. वाईट बोलल्या नाहीत. अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, “आल्या काय? आमाले वाटलं, तुमी सोताच समजून घेतलं.”

भाऊ आतून आला. तोंड उतरलेलं. “ताई, अकरा वाजून गेले, पावणेबारा होत आले, बायका उठाले लागल्या. मी किती थांबवू? काय झालं?”

“गाडी चुकली रे.”

“चुकली कशी? तू तं सकाळीच निघाली होती ना?”

आता मी बोलायचं होतं. त्यासाठीच आलो होतो. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, “मी सौसर स्टँडचा टाइमकीपर. ह्यांची काही चूक नाही. म्हणजे, गाडी आली होती, घंटीही वेळेवर वाजली होती, पण...”

ते ‘पण’ तिथंच राहिलं. सासूबाईंनी वाक्य उचललं. “हे पाहा. साहेब सोता सांगून राह्यले. घंटी बी वाजली होती.”

वीस वेळा मी ते वाक्य मनात मागे घेतलं आहे. बाईची साक्ष द्यायला गेलो आणि तोंडातून माझ्या घंटीची साक्ष निघाली, तीही खोटी; घंटी वेळेआधीच वाजली होती. तेरा वर्षांची सवय. कोणी ‘काय झालं’ विचारलं की आधी स्वतःची वेळ बरोबर होती हे सांगायचं. भावानं ताईकडे पाहिलं आणि विचारलं, “घंटी वाजली तं तू उठली काहून नाही? उभी नव्हती काय रस्त्यावर?”

सुमनताईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांगतील की उभी होते, ह्यांनीच हातानं बसवलं. सांगितलं असतं तर मी हो म्हटलं असतं, एवढं मला आजही वाटतं. त्या म्हणाल्या, “नाही रे. बसली होती मी.”

मी घड्याळात पाहिलं.

पिशवीतून त्यांनी झबलं आणि टोपडं काढलं. पिवळ्या कापडाचं, काठाला हिरवी गोट. बाळाच्या पायाशी ठेवलं, पाळण्याला हात न लावता. भाऊ हळूच म्हणाला, “तू कोणतं नाव आणलं होतं, ताई?”

“आता ठेवलं ना. हेच चांगलं हाय,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी हमाल बोलावून बाक पुन्हा समोरासमोर लावले. गुलाबराव रुसले. “धंद्यावर पाय देऊन राह्यले बाबूजी.” पण त्यांनी रुसायचं कारण नव्हतं. लोक बाकावर आडवे वळून बसू लागले, टीव्हीकडे तोंड आणि शेजारच्याकडे पाठ. नवा आलेला माणूस आधीसारखा बाकाकडे यायचा, सांगायला तोंड उघडायचा आणि कोणाला सांगावं हे न कळून तसाच उभा राहायचा. मग तोही टीव्ही पाहू लागायचा. गाडी चुकली की भांडायला माझ्या खिडकीवर यायचा. पूर्वी गाडी चुकली तर लोक शेजारच्याशी भांडत. ते बरं होतं, असं आता वाटतं. बाक हमालांकडून फिरवून घेता येतात. माणसं कशी फिरवायची, ते मला आलं नाही.

पुढे मालकांनी मला पांढुर्ण्याच्या स्टँडवर पाठवलं. इथंही टीव्ही आहे. खिडकीतून तो दिसत नाही अशी जागा मी मागून घेतली. त्यात मोठेपणा काही नाही. समोर असला तर मी पाहीन, हे मला माहीत आहे.

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी पाहिलं, तर सुमनताई स्टँडबाहेर रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. उन्हात, पिशवी हातात धरून. आत बाक रिकामे होते. माणसं टीव्हीपुढे दाटली होती. सौसरच्या गाडीला अजून बराच वेळ होता. मी खिडकी सोडून बाहेर गेलो.

“ताई, ओळखलं काय?”

“ओळखलं ना बाबूजी.”

“भाचा कसा आहे?”

“पळते आता. बदमाश हाय.” त्या हसल्या. त्या दिवशी कोणतं नाव आणलं होतं, हे विचारायचं माझ्या मनात होतं. पण जो प्रश्न तेव्हा खिडकीत विचारायचा होता, तो आता रस्त्यावर विचारण्याचा मला हक्क राहिला आहे असं वाटलं नाही.

“ऊन आहे. आत बसा ना,” मी म्हणालो. “गाडी लागली का मी सोता येऊन सांगतो.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. शिवायला आणलेलं कापड कमी भरलं की गिऱ्हाइकाला जसं सांगतात, तसं म्हणाल्या, “नाही जी. उभीच बरी हाय मी.”

मी परत गेलो नाही. त्यांच्या शेजारी उभा राहिलो, दोघंही रस्त्याकडे पाहत. बऱ्याच वेळानं वळणावर गाडीचा टप दिसला. सांगायला मी तोंड उघडलं, तोवर त्या पिशवी सावरून पुढे निघाल्या होत्या.